आई-वडिलांना सांभाळणाऱ्याला स्वतःला काही मदत मिळते का? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

उद्यमबागी

नमस्कार मंडळी. मी उचगावच्या बाजूचा. उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये अठरा वर्षं फिटर आहे. आईचं वय ७४. चार वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन असल्याचं कळलं. गेल्या दिवाळीपर्यंत ती आपली आपण न्हाणीपर्यंत जायची, आता जमत नाही.

सकाळी सहाची गोळी पोटात गेली की पाऊण तास थांबावं लागतं. मग तिचा हात बशीवर आपटायचा थांबतो आणि ती स्वतःच्या हातानं चहा पिते. तेवढ्यासाठी मी साडेपाचला उठतो. गोळी अर्धा तास जरी लांबली तरी तो दिवस तिला बसवून, उठवून, भरवून काढावा लागतो. बायको घरी शिलाई करते, आता मशीनवर धूळ बसली आहे. मी दोन महिने बिनपगारी रजेवर आहे. मालक भला माणूस, पण तोही म्हणाला, कामावर ये नाहीतर सोड म्हणून लिहून दे.

पगार साडेएकोणीस हजार होता. महिन्याला औषधांना तीन हजारांच्या वर, डायपरला दोन-अडीच हजार, शिवाय फिजिओथेरपीचा माणूस आठवड्यातून दोनदा घरी येतो. भाऊ पुण्याला असतो, सणाला येतो.

आईच्या नावानं संध्या सुरक्षेचे, म्हणजे कर्नाटकातल्या म्हातारपणाच्या पेन्शनचे, १,२०० येतात. पण जो घरी बसून बघतो, त्याच्यासाठी सरकारचं काही आहे का? कुणाला मिळालंय का? नोकरी सोडावी का, हाही प्रश्न आहेच. स्पष्ट बोला, राग येणार नाही.

---

निपाणीकरीण

रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण आहे? आणि आईचं यूडीआयडी कार्ड काढलंय का? ही दोन उत्तरं आधी द्या दादा.

---

उद्यमबागी

कुटुंबप्रमुख आईच आहे, तिच्या नावावर गृहलक्ष्मीचे २,००० येतात. ते औषधातच जातात. यूडीआयडी म्हणजे अपंगांचं कार्ड ना? ते काढलेलं नाही. आई अपंग कुठं आहे, आजारी आहे, असं आम्ही धरून चाललो.

---

जुना_वारकरी

मन दुखवायचं नाही, पण आईची सेवा करायला पैसे मागायचे हे मला पटत नाही. आमच्या वडिलांनी आजीला अकरा वर्षं अंथरुणात सांभाळलं. तेव्हा कुठली योजना होती? आईबापाचं ऋण फिटत नसतं. भाऊ देत नसेल तर न देवो, तुम्ही करताय त्याचं पुण्य तुमच्या पदरात.

---

सून_कडोलीची

वर वारकरी काकांनी लिहिलंय, "आमच्या वडिलांनी सांभाळलं." काका, मान ठेवून विचारते, आजीचं अंथरूण कोण बदलायचं? वडील की आई?

मी माझ्या सासऱ्यांना पाच वर्षं बघते आहे. पक्षाघात, डावी बाजू गेलेली. कुणी घरी आलं की म्हणतं, पोरगा हिऱ्यासारखा आहे, बापाला किती जपतो. पोरगा जपतोच, खोटं नाही. पण दुपारी अकरा ते सहा घरात मी असते. मी पूर्वी काजूच्या कारखान्यात जायची, हातात आठवड्याला पैसे असायचे. आता पोराच्या वहीला पैसे लागले तरी मागावे लागतात. सेवेला किंमत लावू नये म्हणता, पण माझी मजुरी बुडाली तिला किंमत होती की. ती कुणीतरी मोजलीच नाही.

---

जुना_वारकरी

ताई, तुमचं बरोबर आहे. आईच बदलायची. तिचं नाव घ्यायला हवं होतं, माझं चुकलं.

---

कागदपत्री

मी तालुका कचेरीतून निवृत्त झालो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

सांभाळणाऱ्याला पगार देणारी योजना आपल्याकडे सरसकट नाही. जे येतं ते म्हाताऱ्या माणसाच्या नावानं येतं. पण कर्नाटकात याला एक अपवाद आहे आणि उद्यमबागी, तो नेमका तुमच्या घरचा आहे. २०२४-२५ च्या राज्य अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चार आजारांच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्याला महिना १,००० रुपये भत्ता जाहीर झाला. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्यासाठी आहे, हे महत्त्वाचं. सरकारी खातं विकलचेतन (म्हणजे अपंग) आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरणाचं. त्यासाठी आईकडं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पाहिजे, म्हणून निपाणीकरणीनं यूडीआयडीचं विचारलं.

"आई अपंग कुठं आहे" हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा ऐकलं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन नावासकट आहे. पक्षाघातानं हातपाय गेले असतील तर तेही चालण्याफिरण्याच्या अपंगत्वात धरतात. लोक लाजेनं काढत नाहीत आणि मग सगळ्याच दारांत अडतात.

तुमच्या ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून एक माणूस असतो, अपंगांच्या कामासाठीच नेमलेला, बहुतेक वेळा स्वतः अपंग असतो. त्याच्या वर तालुक्याला एमआरडब्ल्यू. आधी त्याला गाठा. ऑनलाइन अर्ज तो भरून देतो, मग जिल्हा रुग्णालयात मंडळापुढं तपासणी. न्यूरॉलॉजिस्टची जुनी चिठ्ठी, एमआरआय असेल तर तो, आधार आणि फोटो घेऊन जा.

आता एक सावधगिरी. माणसाला पेन्शन एकच मिळते. अपंगत्व ४० ते ७५ टक्के धरलं तर अपंग पेन्शन ८०० आहे, म्हणजे तुमची १,२०० ची संध्या सुरक्षा सोडून तिकडं जाणं तोट्याचं. ७५ च्या वर गेलं तर १,४०० आहे. कुणी एजंट "पेन्शन बदलून देतो" म्हणाला तर आधी प्रमाणपत्रावरचा आकडा बघा. कार्ड काढायचं ते पेन्शनसाठी नव्हे, बाकीच्या दारांसाठी.

---

शहापूर_विणकर

कागदपत्री साहेबांना धन्यवाद. आमच्या गल्लीत अर्ध्या म्हाताऱ्यांना वाटतं संध्या सुरक्षा फक्त शेतकऱ्यांना. विणकरांनाही आहे, ६५ पूर्ण झालेल्या. माग बंद पडून दहा वर्षं झाली तरी वडिलांनी अर्ज केला नव्हता, कारण "मी शेतकरी न्हाई" म्हणून. नाडकचेरीत गेलो तर तिथल्या बाईंनीच समजावलं.

---

चंदगडी

आमच्याकडं महाराष्ट्रात म्हाताऱ्यांना श्रावणबाळमधून १,५०० मिळतात. बेळगावात माझी आत्या आहे, ती दर वेळी फोन करून विचारते, मला का नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मुख्यमंत्री वयोश्रीचे ३,००० पण फिरतात, तेही तिनं भरून पाठवले होते.

---

निपाणीकरीण

चंदगडी दादा, हाच घोळ आमच्याकडं रोज. निपाणीतून कागल हाकेच्या अंतरावर. नात्यात, बाजारात, बोलीत फरक नाही, पण श्रावणबाळ, वयोश्री, लाडकी बहीण हे सगळं महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी. आमच्या शेजारणीनं भावाच्या पत्त्यावर तिकडचं रेशनकार्ड काढायचा खटाटोप केला, आधार एकच असल्यानं दोन्हीकडचं अडकलं आणि सहा महिने इकडचे तांदूळही गेले. जिथं राहता तिथलंच घ्या, जीव वाचतो.

---

सीमाभागी

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राची आपल्यालाही आहे. २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, त्यावर बरंच रामायण झालं. मी मनानं कुठं आहे ते माझ्या नावावरून कळतंय, तरी सांगतो, हा धागा त्या वादात नेऊ नका. त्या योजनेत दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च असतो. घरी डायपर बदलणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

---

निपाणीकरीण

इकडचंही तसंच. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कार्डाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. पण सगळं दाखल झाल्यावर. म्हातारपण बहुतेक घरातच जातं आणि घरातल्या खर्चाला नाव नसतं.

---

टाइमकीपर

सगळे योजनांवर बोलताहेत, नोकरीचा प्रश्न राहिला. मी उद्यमबागेतच एका कारखान्यात पगारपत्रक बघतो. उद्यमबागी, तुझा पगार २१,००० च्या आत, म्हणजे तू इएसआयमध्ये, कामगारांच्या सरकारी विम्यात, असणार. तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के घालतो. त्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा उपचारही येतो, त्यांचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल तर. आईचं नाव कुटुंबात घातलंस का?

नसशील तर आधी घाल. न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या तिथून मिळायला लागल्या तर तुझे महिन्याचे तीन हजार वाचतात. आणि नोकरी सोडलीस तर ते कवच काही महिनेच राहतं, मग संपतं. राजीनाम्याच्या कागदावर सही करशील तेव्हा पगाराबरोबर आईचा दवाखाना पण सोडतोयस, हे ध्यानात ठेव. दुसऱ्या पाळीचं विचार मालकाला. सकाळची गोळी तुझ्या हातून जाईल.

अगदीच अडलं तर आई-वडिलांच्या आजारपणासाठी पीएफमधून उचल घेता येते. पण ती तुझ्या म्हातारपणाची शिदोरी आहे, शेवटी हात लाव.

---

उद्यमबागी

टाइमकीपर दादा, डोळे उघडले. कार्डावर बायको आणि दोन पोरंच आहेत. आईचं नाव घालता येतं हे मला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चार वर्षांचे औषधाचे पैसे डोळ्यांपुढून गेले. उद्याच जातो.

---

माजी_सुभेदार

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात दर दोन घरांआड एक फौजी आहे, म्हणून लिहितो. मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनवर आलेल्यांनी ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेत, आई-वडिलांची नावं घालावीत. तिथंही अवलंबून असल्याची उत्पन्नमर्यादा महिना ९,००० आणि त्यावर महागाई भत्ता अशी आहे. माझ्या आईचं नाव मी निवृत्तीनंतर तीन वर्षांनी घातलं, कारण गावात म्हणायचे ते फक्त बायकोला असतं. तिचा मोतीबिंदू आणि खुबा दोन्ही त्यातूनच झाले. बाकी जय हिंद.

---

खानापूरची_लेक

आमच्याकडं आई एकटी नंदगडच्या बाजूला, मी बेळगावात दिलेली. भाऊ नाही. शक्ती योजना (बायकांना सरकारी बस फुकट) सुरू व्हायच्या आधी मी महिन्यातून एकदा जायची, कारण जायला यायला, शिवाय पोरीचं तिकीट. आता बुधवारी आणि रविवारी जाते. आधार कार्ड दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं. कागदावर ती बसची योजना, माझ्यासाठी आईची. आठवड्याच्या गोळ्या मी डबीत भरून ठेवते, भाकरी-भाजी करून ठेवते, तिचे केस विंचरते. ती म्हणते, "काय करूलालीस गं एवढं, बस की जरा." म्हणते आणि केस माझ्याच हातात देते.

---

येळ्ळूरकर

आमच्या बाबांचा किस्सा. ८१ वर्षं, स्मृतिभ्रंश. मला ओळखत नाहीत, पण मी रोज आंघोळ घालतो म्हणून मला गडी समजतात. गेल्या महिन्यात घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "पोरगं कामाला चोख आहे, याचा पगार वाढवा." सगळे हसले, मीही पोट धरून हसलो. मग आतल्या खोलीत जाऊन रडलो.

गंभीर प्रश्न. त्या चार आजारांत स्मृतिभ्रंश नाही. मग आम्ही काय करायचं?

---

कागदपत्री

येळ्ळूरकर, तो १,००० चा भत्ता तुम्हाला लागू नाही, पण अपंगत्वाची तपासणी तरीही करून घ्या. मज्जासंस्थेचे दीर्घ आजार आणि मानसिक आजार त्या २१ मध्ये आहेत, कशात बसतं ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या बाबांनी दिलेला शेरा मात्र कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा आहे.

आणखी एक. राष्ट्रीय वयोश्री म्हणून केंद्राची योजना आहे, २०१७ पासून. वर चंदगडींनी लिहिलेली महाराष्ट्राची ती वेगळी. यात ६० वर्षांवरच्या, बीपीएल किंवा महिना १५,००० च्या आत उत्पन्न असलेल्यांना चाकाची खुर्ची, वॉकर, काठी, कानाचं यंत्र, कवळी असं साहित्य फुकट मिळतं. शिबिर लागतं तेव्हा पंचायतीत नाव द्यायचं.

---

हिशेबनीस

पुण्याच्या भावाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून आकडे देतो. मी कर विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो.

भाऊ जुन्या करपद्धतीत असेल आणि आईचा खर्च खरोखर उचलत असेल, तर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या अवलंबून आईसाठी त्याला ७५,००० ची ठरीव वजावट मिळते. ८० टक्क्यांच्या वर असेल तर १,२५,०००. कलम ८०डीडी म्हणून लोक ओळखतात. तो ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर ७५,००० वर उपकरासह साधारण २३,४०० कर वाचतो. ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर, किंवा विमा नसेल तर औषधोपचारावर, ५०,००० पर्यंत वेगळी वजावट. पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशासारख्या मज्जासंस्थेच्या आजारांवर ज्येष्ठांच्या उपचाराला १ लाखापर्यंत, तिथंही ४० टक्क्यांची अट आहे. नव्या करपद्धतीत यातलं काही मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडून बघायचा.

येळ्ळूरकर, तुमच्या घरात कुणी कर भरत असेल तर हे तुम्हालाही लागू होतं.

उद्यमबागी, तुमच्या आईच्या प्रमाणपत्रातून पुण्यात वर्षाला वीस-बावीस हजार वाचू शकतात. ते आईचेच आहेत. भावाला हे आकड्यात सांगा, रागात सांगू नका.

---

पुणेकर_बेळगावी

मी तो दुसरा भाऊ आहे. म्हणजे यांचा नव्हे, पण तसाच. सगळ्यांच्या बोलण्यात पुण्याचा भाऊ म्हणजे हात झटकलेला. माझ्याकडं घराचा हप्ता आहे, दोन पोरांची फी आहे, आणि फोन केला की दादा म्हणतो, "बरं आहे, तू काळजी करू नकोस." त्यानं कधी सांगितलंच नाही की फिजिओला किती लागतात. मी दरमहा दोन हजार पाठवायचो आणि मनात म्हणायचो, भागत असेल. एकदा आठ दिवस रजा काढून वहिनीला माहेरी पाठवलं आणि मीच आईला बघितलं. तिसऱ्या रात्री कळलं. तेव्हापासून नऊ हजार पाठवतो. विचारणाऱ्यानं विचारावं हे खरं, पण सांगणाऱ्यानंही सांगावं.

---

सून_कडोलीची

पुणेकर दादांचं पटलं. आमच्याकडं हे एका वहीनं झालं. पोराची उरलेली दोनशे पानी वही. डाव्या पानावर खर्च: डायपर, डेटॉल, पंक्चर झालेल्या एअरबेडला ठिगळ, रिक्षा. उजव्या पानावर वेळ: रात्री दोनला उठवलं, चारला उठवलं, पाठीला तेल, जखम धुतली. तीन महिने लिहिलं. गणपतीला सगळे जमले तेव्हा जेवण झाल्यावर मी वही मधे ठेवली आणि भांडी घासायला आत गेले. थोरले दीर वाचत होते, बराच वेळ कुणी बोललं नाही. खर्च बघून नाही, उजवं पान बघून. आता तिघे भाऊ सारखे पैसे काढतात, आणि नणंद महिन्यातले चार दिवस येऊन राहते. ते चार दिवस मी झोपते.

---

अनगोळचा_वकील

वही चालत नसेल तर कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन प्रांत आहेत. मुलांकडून महिना १०,००० पर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. वकील लावावा लागत नाही, मी वकील असून सांगतो.

अर्ज सांभाळणाऱ्याला स्वतःसाठी करता येत नाही, तो आईच्या नावानं असतो. ती जाऊ शकत नसेल तर तिनं अधिकार दिलेला माणूस करू शकतो. अर्ज एकाच मुलावर झाला असेल तर तो मुलगा बाकीच्या भावंडांनाही त्यात ओढू शकतो. मुलीही यात येतात. हक्कसोड दिलं म्हणून मुलगी सुटत नाही आणि जमीन मिळाली नाही म्हणून मुलगाही सुटत नाही.

जमिनीवरून आठवलं. म्हाताऱ्या आईकडून बक्षीसपत्र करून घेतात आणि मग बघत नाहीत. कलम २३ खाली असं पत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र त्याच कारणानं रद्द केलं. तरी "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द पत्रातच लिहून घ्या, पुढचा वाद वाचतो.

एकदम कोर्टाची पायरी नको असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन आहे, सल्ला मिळतो.

---

जुना_वारकरी

घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये असं मला अजून वाटतं. पण वहीची गोष्ट मी आज घरी वाचून दाखवली. सून काही बोलली नाही, फक्त म्हणाली, बाबा परत वाचा.

---

शहापूर_विणकर

एक अडचण कुणी मांडली नाही. अंगठा. वडिलांच्या बोटांवरच्या रेषा सूत ओढून ओढून गेल्या आहेत, मशीनवर काही केल्या उमटत नाहीत. रेशनला, केवायसीला, प्रत्येक ठिकाणी परत पाठवतात. एका ठिकाणी तर "माणूस जिवंत आहे हे सिद्ध करा" म्हणाले, वडील समोर उभे असताना. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं.

---

निपाणीकरीण

काका, डोळ्याचं स्कॅन मागा, आधारमध्ये ते असतं. आणि कुणाला नोकरीची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतो.

---

सीमाभागी

आणि फॉर्म कन्नडमध्ये असतो हेही लिहा. माझ्या आईला ७६ व्या वर्षी जे वाचता येत नाही त्यावर अंगठा द्यावा लागतो. मराठीत कागद मिळावेत ही मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण तोवर म्हातारी माणसं थांबू शकत नाहीत. आमच्या गल्लीत दोन कॉलेजच्या पोरी शनिवारी कट्ट्यावर बसून फॉर्म वाचून सांगतात आणि भरून देतात. एक मराठी, एक कन्नड घरातली.

---

उद्यमबागी

सात आठवड्यांनी लिहितो आहे, माफ करा.

इएसआयमध्ये आईचं नाव लागलं. दोन गोळ्या तिथून मिळतात, तिसरी बाहेरून घ्यावी लागते. औषधांचा महिन्याचा खर्च अकराशेवर आला.

व्हीआरडब्ल्यू आमच्या शेजारच्या वाडीचाच निघाला, तीनचाकीवर घरी आला आणि आईजवळ खाटेवर बसून अर्ज भरला. जिल्हा रुग्णालयात तपासणीचा दिवस फार जड गेला. डॉक्टरांनी तिला कागदावर गोल काढायला सांगितलं. पूर्वी ती दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची, दिवाळीत बायका बघायला यायच्या. तिनं पेन्सिल धरली आणि गोल बारीक बारीक होत एका ठिपक्यात जाऊन थांबला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढाच आला बग." ५८ टक्के धरलंय. कागदपत्रींनी सांगितल्याप्रमाणे पेन्शन बदलली नाही. देखभालीच्या भत्त्याचा अर्ज दिला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

भावाला हिशेबनीसांचे आकडे आणि महिनाभराची वही, दोन्हीचे फोटो पाठवले. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी तोच दारात. आता महिना आठ हजार पाठवतो. त्यातले तीन हजार थेट माझ्या बायकोच्या खात्यावर. ती अट मी घातली, सून_कडोलीची ताईंचं वाचून. बायकोला आधी पटेना, म्हणाली, घरच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे. पहिल्या महिन्याच्या पैशातून तिनं शिलाई मशीनला नवा पट्टा आणि तेल आणलं.

मी दुसऱ्या पाळीत कामावर लागलो. दोन ते सहा शेजारच्या काकू येऊन बसतात, त्यांनाही महिन्याला ठरवून देतो. रात्री साडेदहाला घरी येतो, साडेपाचला उठतो. झोप कमी पडते, पण नोकरी टिकली.

---

टाइमकीपर

शाब्बास. दुसऱ्या पाळीचा भत्ता मिळतो का ते तुमच्या ऑफिसात विचारून घे, बऱ्याच ठिकाणी असतो.

---

नवीन_सभासद_हिंडलगा

मी आजच सभासद झाले, सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, मी एकटीच आहे. तपासणीला नेताना काय जवळ ठेवायचं? ते फार घाबरतात.

---

उद्यमबागी

ताई, कागद वर कागदपत्रींनी सांगितलेत ते. त्याशिवाय दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत वरच्या वर ठेवा, रांगेत वेळेवर द्या. नंबर लागेपर्यंत त्यांना बाकावर भिंतीकडच्या बाजूला बसवा. मी गुरुवारी सकाळी मोकळा असतो, आई काकूंजवळ राहील. सांगा, रिक्षा घेऊन येतो.